मॅनेज्ड स्विच घेताय? पोर्टांबरोबर वॅटही मोजा

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या ऑफिसात मॅनेज्ड स्विच बसवणार असाल, तर मंडळी, नुसते पोर्ट मोजून भागत नाही. कॅमेरे, वाय-फाय, आयपी फोन सगळे पीओईवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच येणाऱ्या विजेवर चालतात. २४ पोर्टच्या स्विचचं एकूण पीओई बजेट ३७० वॅट असेल, तर प्रत्येक पोर्टला ३० वॅट मिळणारच नाहीत. त्याला ७२० लागतात. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. ऑफिसपासून फौंड्रीची शेड त्याहून जवळ असली तरी तिथं फायबरच टाका. इंडक्शन फर्नेसचा त्रास नाही, वळवातल्या विजेचाही नाही. कोल्हापूर शहरात सखल भागात ऑफिस असेल तर रॅक तळमजल्यावर नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आठवा.

अकाउंट्स, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वाय-फाय यांचे व्हीलॅन वेगळे करा. राउटरवर त्यांच्यातली वाट मात्र अडवा, नाहीतर ते नावापुरतेच. स्पॅनिंग ट्री चालू ठेवा, कारण कुणीतरी एकाच पॅचकॉर्डची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटांत खुपसतोच आणि लूप होऊन नेटवर्क ठप्प होतं. आणि सेटिंग सेव्ह करा राव! कित्येक स्विचवर ते वेगळं करावं लागतं. लाईट गेली की सगळं गायब.