रक्त सांगतं, पण सगळं नाही
अब्बा कारखान्यातून घरी येत, तेव्हा कपड्यांवर पांढरी धूळ असे. अम्मी ती अंगणात झटकायची. तो अ‍ॅस्बेस्टॉस होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्याचे तंतू श्वासातून आत गेले, तर फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग २०-४० वर्षांनीही होऊ शकतो. त्यात मेसोथेलिन नावाचं प्रथिन रक्तात वाढतं, असं २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. मात्र सुरुवातीला ते अनेकदा वाढत नाही. मूत्रपिंड बिघडलं तरीही वाढतं. शिवाय धूळ कुठे लागली, हे रक्त सांगत नाही.

त्यासाठी नोंद लागते. अ‍ॅस्बेस्टॉस-कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षं जपा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये कारखान्यांना बजावलं. आपली नोंद वेळेवर मागून घ्या. अब्बांची आम्हाला मिळाली नाही.