गुटगुटीत मूल आणि रक्तदाब



रक्तदाब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साठी ओलांडलेले आजोबा येतात. पण हा विकार शाळकरी मुलांतही आढळतो, आणि वाढलेले वजन हे त्याचे एक मोठे कारण आहे. अंगाने भरलेले पोर म्हणजे खात्यापित्या घरचे, असे आपण कौतुकाने म्हणतो. तान्ह्याचे बाळसे चांगलेच. पण दहा वर्षांच्या मुलाचे पोट सुटले तर ते बाळसे नव्हे.

वजनाने दाब का वाढतो? दोन एकरांच्या मोटारीवर चार एकर भिजवायला घेतले की मोटारीवर ताण येतो, तसेच हे आहे. शरीर वाढले की रक्तही वाढते आणि हृदयाला ते जास्त रेटावे लागते. शिवाय जादा चरबीमुळे अंगात इन्शुलिन वाढते, त्यामुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात. मिठामागे पाणी साचते आणि दाब चढतो.

मूल हसते-खेळते, काही दुखत नाही. म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. आत मात्र हृदयाची भिंत जाड होऊ लागते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 साली सांगितले, की तिसऱ्या वर्षापासून मुलाचा दाब वर्षातून एकदा मोजावा. तेराव्या वर्षापासून 130/80 वा जास्त म्हणजे उच्च रक्तदाब. त्याआधी वय, उंची पाहून डॉक्टर ठरवतात. पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त दिसतो. एका मोजणीवर घाबरू नये, पुन्हा मोजून घ्यावे.

आता आपल्याच घरची गोष्ट. आपण साखर पिकवणारे, तरी सांगणे भाग आहे. वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. गूळ-काकवीही त्यातच धरावी. 300 मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्येच सुमारे 30 ग्रॅम साखर जाते! सभासदाच्या साखरेचे पोते घरात आले, म्हणून ते पोरांनीच संपवावे असे नाही.

वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नका. फरसाण, पापड, लोणचे कमी करा. भाकरी, उसळ, पालेभाजी वाढा. रोज तासभर मैदानावर पिटाळा. वजन आहे तिथे थांबले आणि उंची वाढत गेली, तरी पुष्कळ काम होते.

उसाचे वजन काट्यावर डोळ्यांत तेल घालून पाहतो, तसे पोरांचेही पाहू या.