तांब्याचा थर आणि त्याची पकड

हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाका परिसरात ज्यांनी फळझाडांसाठी बोर्डो मिश्रण तयार केले आहे, त्यांना एक सोपी चाचणी ठाऊक असते. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण वापरण्यापूर्वी त्यात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवायचा. पात्यावर तांबूस थर दिसला, तर चुना कमी पडला असे समजायचे आणि आणखी चुन्याची निवळी घालायची. हा तांबूस थर म्हणजे खरेखुरे तांबे. पण ते बोटाने घासले तरी निघून येते. शेतात त्याने काही बिघडत नाही. तेलविहिरीच्या पाइपवर मात्र तांब्याचा थर असा सैल बसला, तर ते फार महागात पडू शकते.

पाइपचा आणि तांब्याचा संबंध काय? मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात ‘बॉम्बे हाय’ हे तेलक्षेत्र आहे. ‘सागर सम्राट’ या खोदाई रिगने १९७४ मध्ये तेथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. अशा तेलविहिरीतही आपल्या बोअरसारखाच केसिंग पाइप घालतात, फक्त तो पोलादी असतो आणि खूप खोल जातो. एक पाइप साधारण १२ मीटरचा धरला, तर तीन हजार मीटर खोलीसाठी सुमारे अडीचशे पाइप लागतात. ते आटे पाडलेल्या कपलिंगने एकमेकांना जोडतात. यातला एक सांधा गळला, तरी बाकीच्यांच्या मजबुतीला अर्थ उरत नाही.

सांधा आवळताना आट्यांवर प्रचंड दाब येतो आणि पोलादावर पोलाद घासते. धातूच्या पृष्ठभागावर हवेमुळे तयार झालेले ऑक्साइडचे पातळ आवरण त्या घर्षणात फाटते. खालचा उघडा धातू समोरच्या उघड्या धातूला भिडतो आणि दोन्ही जागच्या जागी चिकटतात, जणू वितळवल्याशिवाय झालेले वेल्डिंगच. आणखी पिळले की चिकटलेला भाग उपटून निघतो आणि आट्यांवर ओरखडे पडतात. स्टेनलेस स्टीलचा नट कोरडाच जोरात आवळला आणि मग तो पुढेही जाईना, मागेही येईना, असा अनुभव अनेकांनी घेतला असेल. तो हाच प्रकार. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड असलेल्या विहिरींत गंज टाळण्यासाठी क्रोमियमयुक्त पोलाद वापरतात आणि नेमके तेच अशा रीतीने जाम होण्यात पुढे असते.

म्हणून कपलिंगच्या आट्यांवर तांब्याचा मुलामा देतात. तांबे मऊ असते आणि लोखंडात सहजी मिसळत नाही. दोन पोलादी आट्यांच्या मध्ये ते राहिले की घर्षण तेच सोसते आणि पोलाद पोलादाला चिकटत नाही. हा थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. पण तो जाड किती, यापेक्षा त्याने पोलादाला घट्ट धरले आहे की नाही, हे महत्त्वाचे. सैल थर आवळताना सोलला जातो. त्या जागी पोलाद उघडे पडते आणि सुटलेल्या कपच्या आट्यांत अडकून खड्यासारख्या रुततात. मग वंगणाचाही फारसा उपयोग होत नाही. सांधा पुरता आवळला असे वरून वाटते, पण आत फट राहते. त्या फटीतून वायू झिरपला, तर विहिरीवर काम करणाऱ्यांच्या जिवाला आगीचा धोका असतो. जमिनीवरच्या विहिरीत आसपासचे भूजलही बिघडू शकते.

थर घट्ट बसण्याचे रहस्य तयारीत आहे. आधी तेल-ग्रीस पूर्ण काढतात, पाण्याने धुतात, मग आम्लाने पृष्ठभाग ताजा करतात. तरीही पोलाद थेट मोरचुदाच्या द्रावणात सोडले, तर विळ्यावर झाले तेच होते. लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे घाईघाईने, भुसभुशीत बसते. ते टाळण्यासाठी आधी वेगळ्या द्रावणातून एक अतिपातळ पायाथर देतात. क्रोमियमयुक्त पोलादावर निकेलचा पायाथर उपयोगी पडतो. त्याचे तीव्र आम्लधर्मी द्रावण ऑक्साइडचे आवरण काढते आणि त्याच वेळी निकेलही बसवते. साध्या पोलादासाठी वापरले जाणारे पायाथराचे एक जुने द्रावण सायनाइडचे आहे. ते अतिविषारी असल्याने कारखान्यातली हवा, कामगारांची सुरक्षा आणि सांडपाण्यावरची प्रक्रिया यांत हयगय चालत नाही.

मग परीक्षा होते. नमुना वाकवून पाहतात, कानशीने कड घासतात किंवा तापवून एकदम पाण्यात बुडवतात. फोड आले किंवा पापुद्रा सुटला, तर थर नापास. शेवटची कसोटी म्हणजे सांधा पुन्हा पुन्हा आवळून आणि सोडून आटे तपासणे. चकाकी पाहून थर पास करणे ही मोठी चूक ठरते, कारण सैल थरही छान चमकतो.

हे तत्त्व आपल्या घरांना नवे नाही. कल्हईवाला पितळी पातेले आधी घासून लख्ख करतो, तापवून नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. भांडे तेलकट राहिले, तर कल्हई धरत नाही. ती निघालेल्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते, म्हणजे त्यात तांबे-जस्त उतरते. असे ताक प्यायल्यास मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. म्हणून कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत.

बोअरचे पाइप किंवा स्टीलचे नट-बोल्ट जोडतानाही यातून घेण्यासारखे आहे. आटे ब्रशने साफ करावेत, वाळूचा कण राहू देऊ नये, योग्य वंगण लावावे, पहिले काही फेरे हातानेच सरळ बसवावेत आणि मग सावकाश आवळावे. सुरुवातीलाच अडकले, तर जोर लावू नये. उलटे फिरवून सोडवावे, आटे पुसावेत आणि पुन्हा लावावेत.