गिअर: तारेचा की बिनतारी?

डोंगरवाटांवर चालवावयाच्या सायकलीस अलीकडे बहुधा पुढे एक आणि मागे दहा-बारा दातेरी चक्रे असतात. चढ आला की साखळी मोठ्या चक्रावर न्यावयाची, उतार आला की लहान चक्रावर. हे काम मागच्या चाकापाशी टांगलेला डिरेलर करतो. त्याला हुकूम द्यावयाचा तो तारेने की बिनतारी संदेशाने, हा आज गिऱ्हाइकापुढचा प्रश्न आहे. आणि दोहोंच्या किमतींत बरेच अंतर असल्याने तो नीट समजून घेतला पाहिजे.

तारेची रीत सोपी. हँडलवरील खटका अंगठ्याने दाबला की आवरणातून गेलेली पोलादी तार ओढली जाते व डिरेलर सरकतो. तार सैल सोडली की त्यातील स्प्रिंग त्याला माघारी आणते. एका खटक्यास एक गिअर, ही शिमानो या जपानी कंपनीची पद्धत १९८४ मध्ये शर्यतीच्या सायकलींवर आली आणि अंदाजाने दांडी सरकवण्याचे काम मागे पडले. दोष एवढाच, की नवी तार काही दिवसांत थोडी सैल पडते आणि आवरणात चिखलपाणी शिरले की घर्षण वाढून गिअर अडखळतो. उपायही सोपा: बोटांनी फिरवावयाचा एक लहानसा स्क्रू, नाहीतर नवी तार.

बिनतारी रीतीत बटण हे छोटे प्रेषक यंत्र असते. त्याचा संदेश मिळताच डिरेलरमधील मोटर त्याला ठरल्या अंतराने सरकवते. मध्ये तार नाही, म्हणून तिचे घर्षण नाही व अंगठ्यास जोरही नको. शिमानोने डोंगरी सायकलींसाठी विजेवरील गिअर २०१४ मध्ये आणला, परंतु त्याला विजेच्या तारा होत्या. श्रॅम या अमेरिकन कंपनीचा पूर्ण बिनतारी गिअर २०१९ मध्ये आला. शिमानोचा २०२५ मध्ये. श्रॅमच्या डिरेलरची बॅटरी सुमारे २० तास चालते. ती संपली, की साखळी जेथे असेल तेथेच राहते आणि उरलेला चढ त्याच गिअरवर काढावा लागतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बहुतेक सायकलींत डिरेलर धातूच्या एका लहान पट्टीवर टांगलेला असतो. दगडाला आपटून ती वाकली, किंवा साखळी झिजली, तर विजेचा गिअरही नीट पडत नाही. महाग यंत्राने निगा राखण्याचे काम संपत नाही; त्याचे केवळ स्वरूप बदलते.

तेव्हा निवड करावयाची ती आपल्या सवयीवरून. तार बहुधा कुरकुर करीत बिघडते, आणि गिअरच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या दुकानात ती स्वस्तात मिळते. बॅटरी चार्ज करावयास विसरलो, तर ती ऐन वाटेत थांबवते. ज्याचा अंगठा दुखतो, जो चिखलात नित्य जातो आणि जादा बॅटरी न विसरता जवळ बाळगतो, त्याला बिनतारी गिअर सोयीचा. जो विजेपासून दूर अनेक दिवस भटकतो, किंवा ज्याने पैसे मोजूनच खर्चावयाचे आहेत, त्याने तारच घ्यावी. आणि वाचलेल्या पैशांतून चांगले टायर व ब्रेक घ्यावेत. उतारावर जीव त्यांच्याच भरवशावर असतो.