मुक्तिफौजेत बाप्तिस्मा का नाही?

मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) फ्रेडरिक टकर १८८२च्या सप्टेंबरात मुंबईत उतरले, इथवर आपण आलो होतो. त्यांच्या अटकेची हकीकत पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण कडोलीच्या एका वाचकाचा प्रश्न आधी सोडवला नाही तर ती नीट उमगणार नाही. बेळगावच्या मेथडिस्ट मंडळीत बाप्तिस्मा होतो, प्रभुभोजन होते. मग मेथडिस्टांच्याच घरातून निघालेल्या मुक्तिफौजेत दोन्ही का नाहीत?

याचे उत्तर फौजेच्या पवित्रीकरणाच्या शिकवणीत आहे, असे मला वाटते. तिच्या अकरा सिद्धांतांपैकी दहावा म्हणतो की पूर्ण पवित्रीकरण हा सगळ्या विश्वासणाऱ्यांचा हक्क आहे. हे मूळचे मेथडिस्ट पंथाचे जनक जॉन वेस्ली यांचे, आणि फौजेचे संस्थापक विल्यम बूथ पूर्वी मेथडिस्ट पाळकच होते. पण बूथ दांपत्याने ते पुढे ताणले. पवित्र आत्मा अंतःकरण थेट शुद्ध करत असेल, तर त्याला पाण्याची किंवा भाकरीची मध्यस्थी लागत नाही. उलट माणूस विधीवर विसंबून आतला पालट टाळतो, ही कॅथरीन बूथ यांची मोठी धास्ती होती. शिवाय नुकतीच दारू सोडलेल्याच्या ओठांना द्राक्षारसाचा पेला लावायचा कसा? आणि फौजेत सभा चालवणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांच्या हातून प्रभुभोजन घ्यायला त्या काळी किती जण तयार झाले असते? १८८३च्या जानेवारीत बूथ यांनी दोन्ही विधी बाजूला ठेवले. त्यांच्या जागी करार आला. सैनिक होणारा निशाणाखाली उभा राहून त्यावर सही करतो. आजच्या करारात दारूबरोबर तंबाखूही वर्ज्य आहे; निपाणीकडच्या वाचकांना त्याचे वजन वेगळे सांगायला नको. गणवेश, हुद्दे, बदल्या हा सारा पसारा मला या कराराच्या राखणीसाठी दिसतो. पवित्रता रोजच्या वागण्यात दिसायची, तर त्या वागण्यावर कुणाचे तरी लक्ष हवे.

पहिला आक्षेप शास्त्राचा : मत्तयाच्या शेवटी बाप्तिस्म्याची आज्ञा स्पष्ट आहे. फौज ती पुसत नाही. तिचा सैनिक दुसऱ्या मंडळीत जाऊन बाप्तिस्मा घेऊ शकतो. आपल्याला बाप्तिस्मा द्यायला पाठवलेले नाही, असे पौलही करिंथकरांना लिहितो. मात्र त्याने काहींना बाप्तिस्मा दिला होता, म्हणून हा आधार मी अर्धाच धरतो. दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. निशाण, सही, गणवेश हेही विधीच झाले की! झाले. फरक एवढाच की त्यांतून कृपा मिळते असा दावा फौज करत नाही, आणि ते पार पाडायचा अधिकार स्त्रीला पुरुषाइतकाच आहे.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा : पाण्याशिवाय धर्मांतर कच्चे. १८८३मध्येच पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! बाप्तिस्मा म्हणजे जातीतून बाहेर, हे इथे सर्वांना ठाऊक होते. पण म्हणून करार हलका ठरत नाही. बाप्तिस्म्याची किंमत समाज वसूल करत होता. करार मोडला की जाब विचारायला त्याच गावात फौजेचा अधिकारी होता.