विश्लेषण : धागा मजबूत, तरी गाठ का सुटते?

खांद्यातील फाटलेला 'रोटेटर कफ' आता बहुतेकदा दुर्बिणीद्वारे शिवला जातो. जखम छोटी असते. मात्र, टेंडन हाडाला पुन्हा चिकटेपर्यंत, म्हणजे साधारण ३ महिने, सारी भिस्त टाक्यांवर असते. धागा मजबूत असला तरी गाठ मजबूत असेलच असे नाही. असे का?

गाठ कशी मारतात?
सर्जनची बोटे सांध्यात पोहोचत नाहीत. त्यामुळे सरकगाठ शरीराबाहेर बांधून अरुंद नळीतून 'नॉट पुशर' या उपकरणाने आत ढकलली जाते. त्यावर अर्ध्या गाठी टाकून ती पक्की करतात.

धागे कोणते?
पॉलिडायऑक्सानोनचा एकतंतू धागा सहज सरकतो आणि शरीरात विरघळतो. पण काही आठवड्यांत त्याची ताकद घटते. पॉलिस्टरचा विणलेला धागा विरघळत नाही. २००० नंतरच्या दशकात 'अल्ट्रा हाय मॉलेक्युलर वेट पॉलिइथिलीन'चे धागे रुळले. हेच तंतू बुलेटप्रूफ जॅकेटमध्येही वापरतात.

मग अडचण कुठे?
प्रयोगशाळेत गाठ यंत्रावर ताणतात. फास ३ मिलिमीटर सैल झाला, की गाठ सहसा निकामी मानली जाते. कारण तेवढ्याने टेंडन हाडापासून सुटू शकतो. पॉलिस्टरचा धागा जास्त ताणाखाली बहुधा तुटतो. पॉलिइथिलीनचा धागा तुटत नाही, पण गुळगुळीत असल्याने त्याची गाठ सरकते. गाठ टिकते ती घर्षणावर. सुतळीची गाठ घट्ट बसते, त्याहून मजबूत नायलॉन दोरीची मात्र सुटते, तसेच हे.

उपाय काय?
सरकगाठीवर किमान ३ अर्ध्या गाठी, दिशा उलटून आणि प्रत्येक वेळी आधाराचे टोक बदलून टाकाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. एकाच टोकावर एकाच दिशेने टाकलेल्या गाठी घसरतात. मात्र, गाठींचा ढीग मोठा झाला तर तो आसपासच्या भागाला घासतो. म्हणून काही ठिकाणी गाठ न लागणारे 'नॉटलेस अँकर' वापरतात.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?
दुखणे थांबले म्हणजे टेंडन जुळला असे नव्हे. डॉक्टर सांगतील तोवर हात झोळीतच ठेवावा. वजन उचलण्याची घाई केली, तर सारा ताण त्या इवल्याशा गाठीवर येतो.