शेळ्यांसाठी रोजची पंधरा मिनिटं

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या दारात दोन-चार शेळ्या आहेत. कुणी गटातून कर्ज काढून घेतल्यात, कुणाला माहेरून मिळाल्यात. चारा-पाणी सगळ्याच जणी करतात. तरी एकीच्या शेळ्या वेळेवर वितात आणि दुसरीच्या भाकड राहतात. याला चारा, आजार, बोकड अशी बरीच कारणं असतात. त्यातलं एक मात्र बिनपैशाचं आणि आपल्या हातातलं आहे, ते म्हणजे लक्ष.

शेळी साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज एक ते दीड दिवसच टिकतो. तेव्हा ती सारखी ओरडते, शेपूट हलवते, चारा कमी खाते. निरण सुजते, चिकट स्राव दिसतो. हे वेळेत ओळखलं, तर माज सुरू झाल्यावर साधारण १२ तासांनी बोकड लावता येतो. चुकलं, तर तीन आठवडे वाया. चारा तेवढाच लागतो, कर्जाचा हप्ता थांबत नाही आणि करडं मात्र लांबतात.

बऱ्याचदा आपण गोठ्यात असूनही माज चुकतो. हातात चारा, कानाला फोन आणि डोक्यात चुलीवरचं दूध! दोन कामं एकदम होतात असं वाटतं, पण मन इकडून तिकडे उड्या मारत असतं. त्यात समोरचं दिसायचं राहून जातं.

म्हणून सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं फक्त शेळ्यांची ठेवा. फोन घरात ठेवा. घरच्यांना सांगा, ‘एवढ्या वेळात मला हाक मारू नका.’ चारा टाकून लगेच फिरू नका. रोज एकाच क्रमानं बघा. चाऱ्याला कोण धावून आली, कोण मागं राहिली? डोळे, नाक स्वच्छ आहेत का? शेपटीखाली घाण आहे का? लेंड्या नेहमीसारख्या आहेत का? थोड्या वेळानं रवंथ करतात का? काही वेगळं दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

जोडीला एक वही ठेवा. शेळीची खूण, माजाची तारीख, बोकड लावल्याची तारीख, एवढं पुरे. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या. माजानंतर अठराव्या दिवसापासून त्या शेळीकडे जास्त बघा. बोकड लावूनही पुन्हा माज दिसला, तर ती गाभण राहिली नाही असं समजा. राहिली असेल, तर साधारण १५० दिवसांनी विणार, म्हणून जागा आधीच कोरडी आणि उबदार करून ठेवा.

सुरुवातीला मन पळेल. परत शेळ्यांकडे आणा. आठ-पंधरा दिवसांत नजर बसते.

गटाच्या पुढच्या बैठकीला या वह्या घेऊन जा. कुणाची शेळी कधी माजावर येणार आणि चांगला बोकड कुणाकडे आहे, हे तिथंच एकमेकींना सांगा.